येताना उतार

ती. बाबांना,
सुट्टीत ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसणाऱ्या क्लीनरचा केबिनभर नमस्कार.

दादाचा फोन आला. मी पाठवलेलं विमानांचं वेळापत्रक वाचून तुम्ही येणंच रद्द केलंत म्हणे. आठला निघून साडेतीनला पोचायचं, म्हणजे साडेसात तास बसायला ही कंबर काय भाड्याने आणली आहे का, असं म्हणालात. परतीचं विमान मात्र पाचला निघून साडेसातला घरी. त्यावर आईला समजावलंत, "जाताना घाट आहे, येताना उतार."

दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा मशीनवर घासताना ते आठवून मी इतकी हसले की मालकीणबाई मशीन बंद करून बघायला आल्या.

अहो, आभाळात कुठला घाट? इथली घड्याळं तुमच्या अडीच तास पुढे आहेत. विमान निघतं तुमच्या घड्याळाने आणि पोचतं आमच्या. अंतर तेच, जाताना पाच तास आणि येतानाही पाचच. ट्रक चालवताना तेवढ्या वेळात तुम्ही चहालासुद्धा थांबत नव्हतात.

खोलीत दोन खुर्च्या आणल्या आहेत. आजवर एकच होती, भागत होतं. खिडकीखालच्या चौकात दिवसभर ट्रक वळतात, त्यांना नावं ठेवत बसा. आईचा गुडघा आता जिना चढतो ना? माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

तुम्हा दोघांची इकडे यायची तिकिटं काढली आहेत. परतीची नाहीत. उतार लागला म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडायची नसते, असं तुम्हीच सांगायचात.

वाट बघणारी,
तुमची क्लीनर