शिडीचं दुसरं टोक

प्रिय लाइला,

फोनच केला असता, पण फोन वाजला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि मग आपण दोघी हवापाण्याच्या गप्पा मारतो. म्हणून हे पत्र. चिडून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

कानफाटीने यंदा उच्छाद मांडला. बर्फ पुरतं वितळलंही नव्हतं, तोच ही अस्वलीण दारात हजर. कुंपण मोडलं, कचऱ्याचा डबा ओढ्यापर्यंत फरफटत नेला. मी भांडं बडवत बाहेर गेले तर अशी बघत राहिली, जणू मीच तिच्या अंगणात शिरले आहे. पंधरा वर्षं आपल्या घरामागच्या रानात राहिली, चार वेळा पिल्लं वाढवली, पण अशी कधी वागली नव्हती. एक एप्रिलला रस्त्यावरच्या प्रत्येक घराबाहेर टांगलेले पाखरांच्या दाण्यांचे डबे उतरवायचे, हा दंडक तुझ्या बाबांचाच. शाळेत असताना तू शिडीचं दुसरं टोक धरून त्यांच्यामागे फिरायचीस. 'पाखरांना आता किडे मिळतात. अस्वलाला फुकटच्या दाण्यांची चटक लागली की ते घरात शिरतं आणि गोळी खातं,' हे दारोदार सांगायचे. शेजारचा डेल नवा राहायला आला, त्या वर्षी तर त्याचा डबा न विचारताच उतरवला आणि वर त्यालाच झापलं.

मे महिन्यात वनखात्याची मुलगी आली. 'काकू, हिला कुणीतरी खायला घालतंय. तुमच्याकडे नाही ना?' मी तुझ्या बाबांचं नाव घेऊन फणकारले, 'आर्वोच्या घरात? विचारताना जीभ कशी रेटली तुझी? त्या डेलकडे बघ जरा!'

तेव्हा मला ठाऊक होतं, लाइला. आठवडाभर आधीच मी तुझ्या बाबांना मागच्या पायरीवर परातीत सूर्यफुलाच्या बिया ओतताना पकडलं होतं. म्हणाले, 'अगं हेल्मी, एवढ्या थंडीत पाखरं उपाशी मरतील.' बाहेर बर्चच्या झाडांना पोपटी पानं फुटली होती. मी बियांची गोणी सौनाच्या वाफेच्या खोलीत, सरपणामागे लपवली. माझी अक्कल बघ! सौनाची भट्टी रोज पेटवतात तेच. परात पुन्हा भरली. मी ओरडले, रडले. ते खाली मान घालून बसायचे आणि तासाभरात सगळं विसरायचे.

मंगळवारी कानफाटी दार मोडून डेलच्या स्वयंपाकघरात शिरली. आत त्याची बायको एकटी होती. डेलने गोळी घातली. नंतर कितीतरी वेळ तो पायरीवर बसून होता. आता रस्त्यावर त्याच्याशी कुणी बोलत नाही. सगळ्यात मोठ्याने शिव्या देतात ते तुझे बाबा. 'त्या गाढवानंच दाणे ठेवले असणार!' आणि मी मुकाट मान डोलावते. शरम वाटते गं मला.

उद्या सकाळी मी डेलकडे जाऊन खरं सांगणार आहे. दुपारपर्यंत ते रस्ताभर होईल, आणि तुला ते परक्याच्या तोंडून कळू नये. हिवाळाभर तुला 'सगळं ठीक' म्हणत आले, ते खोटं होतं. काल तुझ्या बाबांनी शिडी काढून अंगणात आडवी ठेवली आणि मला विचारलं, 'लाइलाची शाळा सुटली का? दुसरं टोक कोण धरणार?' मी म्हटलं, येईलच एवढ्यात. ये बाई. मला एकटीला ती शिडी उचलवत नाही.

वाट बघत,
तुझीच
आई