आप्पांची जागा

वरवंड, रविवार संध्याकाळ

आज विहारात भीमगीतांचा कार्यक्रम होता. मी आप्पांचं ते गाणं म्हटलं. आप्पा म्हणजे माझे वडील; ते गेले तरी गाणं गावात त्यांच्याच नावानं ओळखतात. तिसऱ्या कडव्यात ओळ अर्ध्यावर सोडून ते थांबायचे आणि डावा हात पुढं करायचे. ढोलकी थांबायची, बाया डोळे पुसायच्या. ती आप्पांची जागा. मीही तिथंच थांबते, हातही तसाच करते. आजही केला.

माझ्यानंतर कारेगावची बाई तेच गाणं गायली. कंपनीत पॅकिंगला आहे, आवाज जाडा. तिनं ते कडवं एका दमात ओढलं, कुठंच थांबली नाही. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. माझं डोकंच फिरलं.

घरी येताना आईला म्हटलं, "तिनं आप्पांची जागा खाल्ली."

आई म्हणाली, "कसली जागा? त्यास्नी दमा व्हता. तितं श्वास पुरायचा न्हाई."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"तू थांबायचीस तवा मला ते दिसायचे. कशाला बोलू?"

तेव्हापासून तो हात डोळ्यापुढून हलत नाही. मी कोरसला त्यांच्या डाव्या बाजूला बसायचे. हात माझ्याकडंच यायचा. उरलेली ओळ तू उचल, असं सांगत होते का ते? सगळी वर्षं?

आणि मी त्यांच्याबरोबर थांबत होते.