विमा भरला त्या दिवसापासून

हवल्ली, कुवेत

प्रिय कौसर,

पाकीट बघून घाबरू नकोस. इकडे सगळं बरं आहे. रिफअतचा गुडघा थंडीत कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा तो स्वतःच जास्त कुरकुरतो, तेवढंच. दर शुक्रवारी फोनवर बोलतोच आपण, मग हिला आता पत्र लिहायची काय हुक्की आली असं तुला वाटेल. पण फोनवर तुझी सून शयमा असते, नातवंडं मांडीवर उड्या मारत असतात, मुलगा मागून काहीतरी ओरडत असतो. त्या गोंधळात मी ‘डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता छान आहे’ एवढं सांगून मोकळी झाले. जे झालं ते एवढ्यात मावणारं नव्हतं. माझ्या या वयात कुणी मला उचलून दुसऱ्याच जगात नेऊन ठेवलं असतं, तरी मी इतकी चकित झाले नसते.

सुरुवात विम्यापासून करावी लागेल. परवान्याची भानगड तुला माहीतच आहे. मुदत संपत आली की आमच्यासारख्या परक्यांनी आधी सरकारी आरोग्य विमा भरायचा, मगच इथं राहण्याचा परवाना पुढे वाढतो. इतकी वर्षं ते काम आमच्या शिवणाच्या दुकानाचा माणूस करायचा. माझे कागद घेऊन जायचा, रांगेत उभा राहायचा, परत येऊन माझ्याकडून एक कप चहा उकळायचा. यंदा आमची मालकीण उम्म फहद म्हणाली, “रांगा गेल्या गं आता, सगळं फोनवर आलंय. तुझा विमा तूच भर, पुढचं परवान्याचं मी बघते.” बाकीच्या शिवणाऱ्या मुलींनी जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने भात खाता खाता, भरूनसुद्धा टाकला. मी म्हटलं, मी घरी जाऊन निवांत भरेन.

कौसर, मला तेव्हा दिसत नव्हतं. अगदीच अंधार होता असं नाही. दुधाळ पाण्यात डोळे उघडून बघावं तसं सगळं. हे मी तुला सांगितलं नव्हतं, रिफअतला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. दुकानात माझं काम गळ्यावरचे मणी आणि जर लावायचं, आणि ते बोटांना पाठ होतं. मण्यांचे आकार चाचपून कळायचे. सुई ओवायला तारेची कडी मिळते, तिने ओवायचे. रंगांचं मात्र अवघड व्हायचं. मग शेजारच्या लिडियाला सहज विचारल्यासारखं करायचं, “या जांभळ्याबरोबर सोनेरी जर कशी दिसेल गं?” आणि ती हसत म्हणायची, “अहो, हा हिरवा आहे. उपास लागला वाटतं तुम्हाला.” मीही हसायचे. शिवणारीला दिसत नाही हे कळल्यावर दुकान तिला कशाला ठेवेल, आणि दुकान नाही तर परवाना नाही. आयुष्याची एवढी वर्षं जिथं गेली, तिथून एक दिवस ‘जा’ म्हणतील, या भीतीपोटी मी दुधात चालत राहिले.

तर त्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर फोन घेऊन बसले. ओळखपत्राचा क्रमांक पाठ होता, तो चाचपडत भरला. बँकेचं कार्डही कसंबसं झालं. पण शेवटी बँक फोनवर एक आकडा पाठवते, तो बघून लगेच लिहावा लागतो. चहाला उकळी फुटेपर्यंत तो शिळा होतो. मला पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी अंदाजाने लिहिलं, चुकलं. पुन्हा मागवला, पुन्हा चुकलं. रिफअत सोफ्यावर मॅच बघत होता. त्याने मान न वळवता विचारलं, “अजून नाही झालं?” मी म्हटलं, “नेट हळू आहे.” “नेट हळू असतं तर हा गोल मला दिसला नसता,” तो म्हणाला. मी चिडले. म्हटलं, मग तूच का नाही भरत, सदा मेलं फुटबॉल. तो उठला, माझ्या हातातून फोन घेतला, आणि माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, “बघ, आला आकडा. वाच, मी लिहितो.” मी ऐटीत वाचला. चार, सात, एक, जे तोंडाला येईल ते. त्याने मला शेवटपर्यंत वाचू दिलं. मग अगदी हळू म्हणाला, “इन्साफ, फोन बंद आहे.”

त्याने टीव्ही बंद केला. त्याच्या संघाची मॅच चालू असताना त्याने टीव्ही बंद केल्याचं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे ऐकलं. मग खुर्ची ओढून बसला, नवा आकडा मागवला, लिहिला, आणि म्हणाला, “भरला.” थोड्या वेळाने म्हणाला, “दर वर्षी भरतो आपण हा. नुसता परवान्यासाठी. तुझं डोकं दुखलं की तू कपाळाला लिंबू चोळतेस. एकदा तरी वसूल करू की.” मी म्हटलं, डॉक्टरने लिहून दिलं की ही आता शिवू शकत नाही, मग? “मग परत जाऊ. तुझा हात धरून आपल्या गावी, अख्मीमला नेईन. पण बंद फोनवरचे आकडे वाचायची पाळी तुझ्यावर पुन्हा येऊ देणार नाही.” एवढं बोलून तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो मला आमच्या भागातल्या दवाखान्यात घेऊन गेला, तिथून डोळ्यांच्या इस्पितळात पाठवलं. डॉक्टरीण इथलीच, कुवेती, आपल्या शयमाच्या वयाची. तिने माझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, बराच वेळ आत पाहिलं, आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही दुकानातून घरी एकट्या चालत येता?” मी म्हटलं, हो. “रस्ता ओलांडून?” हो. “मग तुमच्यावर देवाची फारच मर्जी आहे,” ती म्हणाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पिकून पांढरा झालेला. आपण ज्याला पांढरं पाणी म्हणतो ना, तोच. मी भीत भीत विचारलं, हे तुम्ही परवान्याच्या कचेरीला कळवणार का? तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर हसली नाही, हे मला फार बरं वाटलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “मी फक्त डोळे बघते, मावशी. आणि हे डोळे मला परत आणता येतात.” मग तिने विचारलं, घरात अजून कुणाला होतं का, आईला?

तेव्हा मला आई आठवली. दाराच्या उंबऱ्यावर बसून मुलूखियाच्या भाजीची पानं खुडायची, एकेक पान बोटांनी ओळखून. आपण दोघी तिच्या तोंडासमोरून वाकुल्या दाखवत पळायचो, आणि ती म्हणायची, कौसरच्या पायात चप्पल नाही, आवाज आला मला. सगळे म्हणायचे, म्हातारपण डोळ्यांत उतरलं, नशीब. शेवटी शेवटी तर ती आपल्या चेहऱ्यांवरून बोटं फिरवून म्हणायची, मोठी झालीस गं. त्या डॉक्टरणीसमोर मला एकदम वाटलं, ते म्हातारपण नव्हतंच. आईच्या आणि जगाच्या मधे फक्त एक दुधाचा पडदा होता, आणि तो काढता येतो हे आपल्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. काही दुखलं नाही. पण मी काय पाहिलं ते ऐक. वर दिव्यांचं पांढरं वर्तुळ होतं, मग ते विरघळायला लागलं. गुलाबी झालं, त्यातून हिरवं फुटलं, मग जांभळ्याच्या कडेने सोनं वाहायला लागलं. लहानपणी आपण नाईलमध्ये बुडी मारून पाण्याखालून सूर्य बघायचो ना, तसं, पण त्याहून कितीतरी खोल. मी इतकी वर्षं लोकांच्या लग्नाचे कपडे भरते आहे, असे रंग मी कुठल्या दोऱ्यात पाहिले नाहीत. बाहेर दोन माणसं माझ्या डोळ्यात सुईएवढ्या हत्यारांनी काम करत होती, हळू आवाजात आपसांत बोलत होती, आणि आत मी एकटी हे सगळं बघत होते. मला हसू यायला लागलं. डॉक्टरीण म्हणाली, “मावशी, हलू नका.” मी म्हटलं, “बाई, तुम्हाला दिसतंय का हे?” ती म्हणाली, “नाही, ते फक्त तुमचं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरणीच्या डोक्यावर निळा रुमाल होता. कौसर, निळा. निळा रंग मी विसरून गेले होते, आणि विसरले आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं. सगळं हळूहळू चहाच्या रंगाचं होत गेलं होतं, आणि मी तेच खरं धरून चालले होते. मी त्या रुमालाकडे बघतच राहिले. तिला वाटलं काही बिघडलं. “दिसतंय ना?” मी मान डोलावली. मग मी माझे हात पाहिले. हे आईचे हात होते. सुरकुत्या, नखाखालचा सुईचा जुना व्रण, मनगटावरच्या शिरा, सगळं एकेका रेघेने काढल्यासारखं. आणि दारात रिफअत उभा होता. मला वाटायचं त्याच्या मिशा अजून काळ्या आहेत. पार पांढऱ्या झाल्यात गं. गालात खड्डे पडलेत. हा म्हातारा कधी झाला, आणि मी कुठे होते? तो म्हणाला, “काय बघतेस? आवडलो नाही का?” मी म्हटलं, “इतका देखणा म्हातारा माझ्या घरात राहतो हे कुणी मला सांगितलं नाही.” तो लाजला. या वयात लाजलेला माणूस फार सुंदर दिसतो.

घरी आल्यावर आधी घाण दिसली, हेही सांगते. कपांवर डाग, शेगडीमागे तेलाची पुटं. मी रिफअतला म्हटलं, अशा घरात तू जेवायचास? तो म्हणाला, मला वाटायचं तू दमतेस. मग संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. पाण्यावर प्रत्येक लाटेची वेगळी कड होती. लांबवर एका मुलाने पतंग सोडला होता, त्याचा दोरासुद्धा दिसत होता. आणि आकाशात शाबान महिन्याचा नवा चंद्र उगवलेला, नखाएवढा, एकच. गेली काही वर्षं मला तीन-तीन चंद्र दिसायचे, आणि त्यातल्या खऱ्याला बघून मी दुआ मागायचे. मी तिथंच वाळूत बसले. सगळं रोज इथंच होतं, कौसर. रोज संध्याकाळी हे सगळं असंच मांडलेलं होतं.

उम्म फहदला मी स्वतः जाऊन सांगितलं, लपवाछपवीचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, “माझ्या भाचीच्या लग्नातला गळा तू दिसत नसताना भरलास?” मी म्हटलं, हो. “आणि आता दिसायला लागलं म्हणून मजुरी वाढवून मागशील.” मी म्हटलं, मागणारच. तिने परवान्याचं काम त्याच आठवड्यात करून टाकलं. दुसरा डोळाही महिन्याभराने झाला. जी भीती मी एवढी वर्षं उराशी धरून बसले होते, ती अशी एका वाक्यात संपली.

आता हे सगळं कागदावर का लिहिलं, ते सांगते. गेल्या शुक्रवारी आपण फोनवर एकमेकींना बघत बोललो. दोन्ही नव्या डोळ्यांनी मी तुला पहिल्यांदाच पाहत होते. तुझ्या अंगात निळा झगा होता. तू बोलता बोलता चहा ओतलास, आणि ओतताना तर्जनी ग्लासाच्या काठावरून आत वाकवून धरलीस. कढत चहा बोटाला लागला तेव्हा थांबलीस. त्या घरात ते दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. मला कळलं, कारण इतकी वर्षं मीही असाच चहा ओतत होते, माझ्या बोटाच्या टोकाला अजून घट्टा आहे. तू का लपवतेस तेही मला कळतं. शयमा चुलीजवळ येऊ देणार नाही, कोठीची किल्ली हळूच काढून घेईल, मुलगा उंबऱ्यावर खुर्ची टाकून देईल, बस म्हणेल. म्हणून अक्षरं एवढी मोठी काढली आहेत, एका पानावर जेमतेम आठ ओळी. खिडकीत बसून, चांगल्या उन्हात, तुझं तूच वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस. ईदनंतर मी सुट्टी मागितली आहे. बहिणीकडे बहीण आली एवढंच लोकांना कळेल, आणि एका सकाळी आपण दोघी बाजाराला म्हणून निघू आणि सोहाग शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. शुक्रवारी फोन करेन तेव्हा घरचे सगळे असतील, म्हणून मी काही विचारणार नाही. तू फक्त ‘ये’ म्हण.

तुझा निळा झगा बघायला आतुर झालेली,
तुझीच
इन्साफ