माझ्याच सालची जीप

४ जानेवारी

आले एकदाची! दादाचं घर टेकाडावर आहे, ऐसपैस आणि हवेशीर. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर ही वही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दोन सवयी लावल्या: रोज लिहायचं, आणि डोळे मिटूनसुद्धा ओळ सरळ ठेवायची. दुसरीसाठी त्या खरोखरच डोळ्यांवर रुमाल बांधत. तेव्हा शिव्या घातल्या होत्या, मनातल्या मनात.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते. माझा आवाज कानात पडला की तक्रार करणारेच माफी मागून फोन ठेवत. निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं. वहिनी गेल्यापासून दादा एकटा, म्हणून त्याने बोलावलं, ‘ठमे, ये इकडेच.’ साठीच्या उंबरठ्यावर कुणी ठमी म्हटलं की बरं वाटतं.

घराला खोट एकच. अंगणात माणसांपेक्षा भंगार जास्त. सैन्याने टाकलेल्या जीपगाड्या! आणि रस्ता भिकार: फाटकाबाहेर पडलं की लगेच डावीकडे वळायचं, कारण उजवीकडे दगडाची जुनी खाण आहे. कठडा नाही. टॅक्सीवाल्याने तिथे श्वास रोखला, मीही.

९ जानेवारी

दादाने आज शेड दाखवली, एखाद्याने नातवंडं दाखवावीत तशी. पहिली जीप वहिनीच्या जन्मसालची. प्रेम म्हणे. त्यापेक्षा बायकोला वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर शोभलं असतं. शेवटी तिला ना दिसत होतं ना चालता येत होतं. जीप मात्र आरशासारखी लखलखते.

दुसरी नुकतीच आणली आहे, माझ्या सालची. गंजलेला पत्रा, आंधळे दिवे, हॉर्न मुका, स्टिअरिंग वेडंवाकडं, आणि पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर नुसताच खुळखुळतो. मी म्हटलं, माझी निगा बरी राखली गेली आहे म्हणायची.

ह्या जुन्या जीपा जमवणाऱ्या लोकांत बाजारातला नवा भाग लावणं म्हणजे घोर पाप. भाग हवा तर त्याच सालच्या दुसऱ्या गाडीचा. एक पुरी करायची म्हणून दुसरी उघडी करायची. तिला ‘देणारी’ म्हणतात. मागच्या अंगणात अशा देणाऱ्या पडल्या आहेत, बॉनेटं वासून. दादाचा मिस्त्री त्याला म्हणाला, साहेब, कंडिशन एकदम ओरिजनल. जीपबद्दलच बोलला असणार. बघत माझ्याकडे होता.

१४ जानेवारी

दादाच्या मंडळाचा मेळावा. पोट सुटलेले म्हातारे खाकी टोप्या घालून एकमेकांच्या गाड्यांखाली सरपटत होते. लढाई ह्यांच्यातल्या एकानेही पाहिलेली नाही. कार्बोरेटरवर असं बोलत होते की गर्भारपणाचं कौतुकसुद्धा कुणी एवढं करत नाही.

बायका आपापल्या गाडीशेजारी खुर्च्यांवर. एक काळ्या चष्म्यात, एक चाकाच्या खुर्चीत, एक मुकीच. कुणात दम म्हणून नाही. नवऱ्यांनी एवढा पोरखेळ मांडला तरी हूं की चूं नाही! मुकीच्या नवऱ्याने हॉर्न वाजवला की ती तोंड उघडायची. दचकते असं वाटलं. निघताना तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि दादाच्या जीपकडे मान वळवून वळवून खुणावलं. मी हात सोडवून घेतला. लाडात आलेल्या बायका मला सोसत नाहीत.

२० जानेवारी

सकाळपासून डाव्या डोळ्याने दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. मी म्हटलं, उत्तम आहे तर तुम्हीच ठेवून घ्या.

दादा आनंदात. जीपचा डावा दिवा लागला.

२२ जानेवारी

हे मी शुद्धीवर राहून लिहिते आहे. संध्याकाळी खोलीत बसले होते. शेडमध्ये दादाने दिवा लावला, आणि माझ्या डाव्या डोळ्यापुढे शेडची भिंत उभी राहिली. टांगलेले पाने, तेलाचा डबा, मिस्त्रीचे पाय. त्याने दिवा घालवला. अंधार.

भाचीला, दादाच्या मुलीला, परदेशात फोन लावला. म्हणाली, आत्या, आईलाही शेवटी असेच भास व्हायचे.

२७ जानेवारी

पुढची चाकं जोर घेऊ लागली. दादा चिखलातून जीप चढवून दाखवत होता आणि टाळ्या पिटायला मला हाका मारत होता.

मी पलंगावर. कमरेखाली काही नाही. तो लिव्हर ओढतो तेव्हा मात्र पाय हलतात. त्याच्या तालावर.

दादाला तोंडावर विचारलं. लाजला नाही. उलट समजूत घालायला लागला. म्हणे एकदम सगळं थोडंच लागतं ग ठमे, आणि वहिनीने कधी कुरकुर केली नाही. मी म्हटलं, अरे नालायका, मी तुझी सख्खी बहीण. तर म्हणतो, म्हणून तर. परक्याचं बसत नाही.

म्हणून बोलावलं. ठमे, ये इकडेच.

३० जानेवारी

मिस्त्रीने चाकाची खुर्ची आणली, वहिनीचीच. बरं झालं. जेवणानंतर दोघं घोरत होते, तेव्हा ढकलत ढकलत शेडमध्ये गेले आणि काठीने तो दिवा फोडला. कितीतरी दिवसांनी जिवाला थंडावा मिळाला.

डोळा परत आला नाही. दिव्याबरोबर तोही फुटला, एवढंच.

दादा रागावलासुद्धा नाही. काचा गोळा केल्या. म्हणाला, वाया घालवलास. आता दुसरा लागेल.

१ फेब्रुवारी

दुसरा गेला.

आता बोटाने चाचपत लिहिते. सिस्टर, रुमालाबद्दल आभार. ओळ सरळ आहे ना?

मुकीने माझं मनगट का धरलं ते आज कळलं. मी तिला लाडावलेली म्हटलं. ती एकटी काहीतरी सांगत होती, आणि मी —

३ फेब्रुवारी

सकाळी मिस्त्रीला शिव्या देत होते. शिवी अर्ध्यात तुटली. तोंड चालू, आवाज नाही.

अंगणात हॉर्न वाजला. सगळं टेकाड दणाणलं. तो आवाज मी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ऐकला आहे. माझाच. आणि माझं तोंड उघडलं — आपोआप —

भाचीचा फोन आला. उचलला. हॅलो, हॅलो, आत्या? — मी — तिने ठेवला. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या.

५ फेब्रुवारी

आज स्टिअरिंग. मग इंजिन, म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. दादा सकाळी येऊन डोक्यावरून हात फिरवून गेला. घामाचा, ग्रीसचा हात. थुंकले. नेम चुकला.

डावा हात गेला. उजवा अजून —

स्टिअरिंग बसवलं. उजवाही आता माझा एकटीचा नाही. आपोआप हलतो. पण मी धरलं की थांबतो. आणि तिकडे मिस्त्री ओरडतो, साहेब, जड लागतंय!

जड लागतंय. लागू दे.

दादा जीप घेऊन निघाला. पहिल्या फेरीला भर दिवसा दिवा लावायचा, ही ह्यांची ऐट. त्यामुळे मला दिसतंय. कागद नाही, रस्ता. अंगण. देणाऱ्यांची वासलेली तोंडं. फाटक उघडं. दादा हॉर्न वाजवतो — माझं तोंड —

माझा डोळा. माझे पाय. माझा आवाज. आणि चालवणारा कोण, तर हा!

फाटक. दादा डावीकडे वळवतोय — हात डावीकडे ओढला जातो — ओळ वाकडी होतेय, सिस्टर — नाही. सरळ. सरळ ठेवायची. पेन घट्ट धरलं आहे — तो ओरडतोय, ठमे, ठमे — आता कशी आठवण झाली — कठडा नाही — मी उजवीकडे, अजून थोडं उजवीक