वेटिंग रूममधली मैफल

३ मार्च
आजपासून संगीत एके संगीत. ऑफिस फक्त पगारापुरतं. जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रमवर स्प्रिंगा ताणून बसवल्या, आत माइक सोडला. सायकलच्या पंपाने हवा मारली की जो नाद निघतो त्याला नाव नाही. ही म्हणाली, नाव आहे, पण चारचौघांत घेत नाहीत.

८ मार्च
घरी पहिला जाहीर प्रयोग. श्रोते तीन: ही, सासूबाई आणि खालचे रिटायर्ड पोस्टमास्तर. पोस्टमास्तर 'गॅस चालू राहिला' म्हणून जे गेले ते आलेच नाहीत. त्यांची शेगडी विजेची आहे. भावना आवरल्या नसतील. सासूबाई शेवटपर्यंत डोळे मिटून. घोरणं सुरावटीत इतकं बेमालूम मिसळलं की पुढच्या वेळी साथीला त्यांचंच नाव छापणार.

९ मार्च
हिचं निर्वाणीचं. एक तरी परकं माणूस आपखुशीने शेवटपर्यंत बसलं तर ड्रम बेडरूममध्ये राहील. नाहीतर भंगारात. तिला म्हणे पाय पसरून झोपायचंय. लगेच कबूल केलं. परकी माणसं तर माझा हक्काचा श्रोतृवर्ग!

१५ मार्च
हॉल मिळाला! म्हणजे मेहुण्याच्या दवाखान्याची वेटिंग रूम. मेहुणा दातांचा डॉक्टर. म्हणाला, दाजी, शनिवारी या, पेशंट कमी असतात, नुकसान कमी होईल. थट्टेखोर आहे.
हिचा आक्षेप: पेशंट आपखुशीने बसत नाहीत. मी म्हटलं, दार उघडं ठेवतो, अजून काय करू?
केस वाढवायचे. कलाकार दिसलं पाहिजे.

२२ मार्च, दुपार
न भूतो! श्रोते चार. गाल सुजलेल्या एका आजींच्या डोळ्यांत पहिल्या स्प्रिंगेपासून पाणी. एक गृहस्थ रिसेप्शनिस्टशी हुज्जत घालून नंबर नसताना आत घुसले. आत दात काढणं चालू होतं, तरी बाहेर यायला तयार नव्हते. एक तरुण म्हणाला, दाढ थांबली, आणि जिन्याने पळाला. संगीतोपचार!
पण चौथ्या, एक शाळेतल्या बाई, शेवटपर्यंत हलल्या नाहीत. त्यांचा नंबर होऊन गेला होता, तरीही. आपण होऊन जवळ आल्या. म्हणाल्या, मधे तो बारीक, लांबलचक सूर लागला ना, अंगावर काटा आला हो!
ही शेजारीच उभी होती. मी फक्त हिच्याकडे पाहिलं.

२३ मार्च
तो सूर पुन्हा साधावा म्हणून रेकॉर्डिंग ऐकलं. त्या वेळी माझी वायर निघाली होती. मी खुर्चीखाली पिन शोधत होतो. सूर आतल्या खोलीतून येत होता. मेहुण्याचं ड्रिल.
हिला सांगायची काही गरज नाही.

२३ मार्च, नंतर
ही दाराशी उभी राहून ऐकत होती.

२४ मार्च
ड्रम गेला. भंगारवाल्याने वाजवून पाहिला नाही.

२९ मार्च
खचायचं नाही. मोठ्या मनाने मेहुण्याला जुगलबंदीचं आमंत्रण दिलं: मी पंपावर, तो ड्रिलवर. त्याने हातमोजे काढले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, दाजी, आपलं नाही जमायचं. मी निदान आधी भूल देतो.