परक्या प्रेतयात्रेतला जावई

येशू, मरिया, योसेफ

पर्ल ब्लफ, मिसिसिपी
जून महिना, पंखा सर्वात जोरात

प्रिय डोराताई,

माझा गुडघा वाकतो तितका वाकवून तुला नमस्कार. (फार वाकत नाही, भावना समजून घे.) कागदाच्या डोक्यावरची तीन पवित्र नावं पाहून हसू नकोस. शाळेत ही सवय लावणाऱ्या सिस्टर फिलोमिनांना जाऊन किती वर्षं झाली, तरी ती नावं घातल्याशिवाय कोरा कागद माझ्याकडे डोळे वटारून बघतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या क्लिफर्डकडून कळलं. अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा आईच्या सांध्यांना मानवते, असंही तो म्हणाला. मानवत असेल. मला मात्र फोनवर तुझा आवाज तिकडे गेल्यापासून वाळल्यासारखा वाटतो, म्हणून पत्र लिहायला बसले. इकडे सगळे ठीक. नवरोबांचं म्हणशील तर हर्शेलचा रक्तदाब ताब्यात आहे, हर्शेल नाही. मॅग्नोलिया फुललाय आणि त्याच्याखालची तुझी खुर्ची मी अजून कुणाला दिलेली नाही.

तर बातमी अशी, की गेल्या आठवड्यात आमची कॅमिल आली होती, नवरा आणि दोन्ही पोरींना घेऊन. ती मिनेसोटात गेल्यापासून मी तिकडचं हवामान रोज जपमाळेसारखं ऐकते, हे तुला माहीत आहेच. आता आपल्या कॉलेजाने एरिकला नोकरी देऊ केली आहे, गणित शिकवण्याची. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. कॅमिल फोनवर म्हणाली, "आई, मी एका पायावर तयार आहे गं. पण एरिक म्हणतो, त्या गावात पोरींनी करायचं काय? आम्ही येतो, बघतो, मग ठरवू." म्हणजे शुक्रवार ते रविवार एवढ्या वेळात मला मिनेसोटाच्या एका गोऱ्यापान, शांत, सगळ्याचा नीट विचार करणाऱ्या माणसाला पर्ल ब्लफच्या प्रेमात पाडायचं होतं, आणि तेही जूनमध्ये, जेव्हा आपल्याकडे डाससुद्धा सावली शोधतात. नाही पाडलं, तर नाती पुन्हा वर्षातून एकदा, उंची मोजायलाच भेटणार.

मी घाबरले नव्हते. दर मंगळवारी मी पर्यटक-कक्षात विनावेतन बसते, येणाऱ्याच्या हातात घडीचं पत्रक देते आणि छातीठोकपणे सांगते, "मुलांना घेऊन अवश्य जा." यातल्या एकाही ठिकाणी मी स्वतः कितीतरी वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही, हे माझ्या ध्यानात शुक्रवारी सकाळी आलं, सगळे गाडीत बसल्यावर.

आधी बागेतलं घोड्यांचं चक्र. आठवतं, मदर सुपीरियरच्या वाढदिवसाला आपल्याला तिथे न्यायचे? आणि सिस्टर फिलोमिना लाकडी शहामृगावर एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसायच्या, एका हाताने दांडा धरून आणि दुसऱ्या हाताने जपमाळ ओढत, आणि चक्र थांबलं की म्हणायच्या, "मुलींनो, हे मी केवळ तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी केलं." हे सगळं मी पोरींना रंगवून सांगत नेलं. तिथे पोचलो तर घोडे रंगवायला काढलेले. चक्रावर उरलं होतं एक डुक्कर. धाकटी मॅग्ज डुकरावर बसून एकटीच गोल गोल फिरली आणि दर फेरीला आम्ही सगळ्यांनी तिला हात केला. एरिकनेही केला, देव त्याचं भलं करो. (हे वाक्य आपण कोणकोणत्या अर्थाने वापरतो ते तुला माहीत आहे, इथे खरोखरच भलं करो.)

मग निसर्ग केंद्रातली मगर. तिचं नाव सेनेटर. नाव अगदी चपखल, कारण ती पडून असते आणि लोक तिला पोसतात. नऊ वर्षांची इंग्रिड कठड्याशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, ही प्लास्टिकची आहे." मी म्हटलं, छे गं. हर्शेल मदतीला धावला. म्हणाला, "गेल्या वर्षी हलली होती. पेपरात आलं होतं." त्यावर एरिकने चष्मा पुसून मगरीकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला मिनेसोटाचं परतीचं तिकीट दिसलं. म्हणून मी घाईघाईने तिथल्या दुकानातून त्याला एक हिरवा शर्ट घेऊन दिला. त्याच्या छातीवर मगर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मी सेनेटरला हलताना पाहिलं'. बिचाऱ्याने सासूचा मान राखून तो दुसऱ्या दिवशी घातला. त्या मानाची किंमत पुढे कळेलच.

बोटीचं तर विचारूच नकोस. नदीला पाणी कमी, म्हणून बोट काठाला बांधलेली. पण कप्तानाने पाहुण्यांना परत पाठवायचं नाही असं ठरवलेलं. त्याने इंजिन सुरू केलं, भोंगा वाजवला, आणि आम्ही बांधलेल्या बोटीत बसून समोरचं एकच झाड मनसोक्त पाहिलं. कप्तान अधूनमधून ओरडत होता, "पाणी असतं तर आत्ता डावीकडे जुना किल्ला दिसला असता!" संध्याकाळी मी कॅमिलला स्वयंपाकघरात विचारलं, काय म्हणतो तो? ती भांडी पुसत म्हणाली, "काही म्हणत नाही." ताई, नवरा काही म्हणत नाही म्हणजे काय, हे बायकोला आणि सासूला सारखंच कळतं. त्या संध्याकाळी मी जपमाळेचे मणी मोजताना दोनदा चुकले.

शनिवारी शेवटचा पत्ता टाकायचा होता: नदीपलीकडची पीचची बाग. हाताने फळं तोडायची आणि जागीच आइस्क्रीम. एरिक गाडी चालवत होता, अर्ध्या चड्डीत आणि मगरीच्या शर्टात. पुलाच्या अलीकडे मागून गाड्यांची एक प्रेतयात्रा आली. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंच्या गाड्या रस्त्याकडेला थांबल्या, आणि हर्शेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. एरिकला वाटलं अपघात झालाय. मी म्हटलं, थांब बाळा, कुणीतरी शेवटचं जातंय. तो थांबला, अगदी निमूट. पण तेवढ्यात मागच्या रेल्वे फाटकात मालगाडी आली आणि यात्रेचे दोन तुकडे झाले. पहिला तुकडा पुढे गेला. एरिकला वाटलं, झालं, संपलं. त्याने गाडी रस्त्यावर घेतली. आता त्या गाडीचे दिवे आपोआप लागतात, भर दुपारीसुद्धा (उत्तरेकडे उजेड कमी असावा), आणि दिवे लावलेली गाडी म्हणजे दुःखातली माणसं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोटारसायकलवरच्या पोलिसाने आमचे दिवे पाहिले, सलाम ठोकला आणि आम्हाला अदबीने पुलावर घातलं. मालगाडी सरल्यावर मागच्या सगळ्या गाड्या येऊन आम्हाला चिकटल्या. म्हणजे दुसऱ्या तुकड्याचे पुढारी आम्ही!

एरिक म्हणाला, "पुढच्या वळणावर बाहेर काढतो." मी, हर्शेल आणि कॅमिल एका आवाजात ओरडलो, "नाही!" एक तर आम्ही वळलो असतो तर निम्मी प्रेतयात्रा पीचच्या बागेत आली असती. आणि दुसरं म्हणजे रस्त्याकडेला लोक टोप्या छातीशी धरून उभे होते. त्यांच्यादेखत आइस्क्रीम खायला कसं वळायचं? पण मला ऐकू आला तो कॅमिलचा आवाज. इतकी वर्षं त्या बर्फात राहून माझी पोर आमच्याच सुरात 'नाही' ओरडली. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि नाक पुसलं. मॅग्जने विचारलं, "आजी, तू त्यांना ओळखत होतीस?"

गेलेले गृहस्थ म्हणजे टिलरीकाका, वेंडेल टिलरी, वय एक्याण्णव, झोपेत गेले, मनासारखं जगून. चर्च बाप्टिस्टांचं आणि खचाखच भरलेलं. आम्ही दाराशीच भिंतीला चिकटत होतो, तर एका स्वयंसेवकाने आमची दया येऊन आम्हाला नेऊन बसवलं थेट दुसऱ्या रांगेत, कुटुंबाच्या पाठीशी. एरिकने दोन्ही हातांनी मगर झाकली. पण प्रार्थनेला उभं राहायचं म्हटल्यावर हात जोडावे लागतात. धर्मोपदेशक बोलताना एकदा अडखळले. ते 'हलताना' या शब्दापाशी आले असावेत.

नंतर सभागृहात जेवण. निसटायला पाहिलं, पण तुला ठाऊक आहे, आपल्याकडे मेलेल्याच्या घरचं न जेवता जाणं म्हणजे मेलेल्याला नावं ठेवणं. टेबलं वाकली होती: भाजलेलं हॅम, तळलेली कोंबडी, भरलेली अंडी आणि ज्यांच्यावर चीज आणि बिस्किटांचा चुरा पसरून ओव्हनमध्ये घालता येईल असे यच्चयावत पदार्थ. पळी धरून व्हर्लीन नावाची बाई उभी होती. तिने माझं ताट भरता भरता विचारायचं तेच विचारलं, "तुम्ही कुणाच्यातल्या गं?"

ताई, खोटं बोलायचं नाही, पण सगळं खरं एका दमात सांगायलाच हवं असंही नाही, हे आपल्याला सिस्टर फिलोमिनांनीच शिकवलंय. माझ्या तोंडून निघालं, "डोरा ट्रॅमेलची मावसबहीण." यात खोटं काय आहे? पण व्हर्लीनने पळी खाली ठेवली. "अगं बाई! आमच्या फ्लॉइडची डोरा? तिला एवढ्या लांबून येता येईना म्हणून तुला धाडलं होय? बघा, याला म्हणतात माणुसकी!" तोपर्यंत माझ्या तोंडात हॅम होतं. मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाही सांगता येणार नाही. फ्लॉइडभाऊजी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, मूळचे नदीपलीकडचे एवढंच मला आठवत होतं; ते टिलरींचे चुलत-मावस काहीतरी लागतात हे मला कोण सांगणार?

तिकडे पोरी दिसेनाशा झाल्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर पंधरा-वीस पोरांबरोबर अनवाणी, ओढ्यात, फ्रॉकचे घोळ चड्डीत खोचून. आणि एरिक? त्याची उंची पाहून पुरुषांनी त्याला न विचारताच खुर्च्या उचलायला लावलं होतं. त्यानंतर मासेमारीचा विषय निघाला. तो म्हणाला, आमच्याकडे तळं गोठतं, मग आम्ही त्यावर गाडी नेतो, बर्फाला भोक पाडतो आणि भोकापाशी खुर्ची टाकून दिवसभर बसतो. एक म्हातारा म्हणाला, "पोरा, मयताच्या जेवणात थापा मारू नयेत." एरिकने फोनमधले फोटो काढले. मग जी गर्दी झाली! म्हाताऱ्या, तान्ह्या पोरांच्या आया, स्वतः धर्मोपदेशक. ते बर्फातलं भोक पाहायला रांग लागली. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी पाहण्यासारखं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे माझा जावई. आणि ताई, मी त्याला हसताना पाहिलं. दात दिसेपर्यंत.

निघताना मात्र त्याच्या मनाला टोचणी लागली. तो सरळ ओडेसाबाईंसमोर, म्हणजे टिलरीकाकांच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला माफ करा. आम्ही तुमचे कुणी नाही. चुकून रांगेत घुसलो." म्हातारीने त्याला पायापासून मगरीपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "ते मला चर्चमध्येच कळलं रे. असा शर्ट घालणारा आमच्यात कुणी असता तर मी त्याला आधीच घरी बसवलं असतं. पण वेंडेलला गर्दी आवडायची. आलास ते बरं केलंस. केक घेतलास का? नाही? मग निघालास कुठे?"

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पोरींच्या पायांना चिखल, मांडीवर झाकलेली ताटं. शेवटी इंग्रिड म्हणाली, "आजी, उद्या पण कुणी मरेल का?" एरिकला गाडी कडेला घ्यावी लागली, इतका हसला तो. आणि सोमवारी सकाळी त्याने कॉलेजात फोन करून हो म्हणून टाकलं.

तुझ्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. क्लिफर्डला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
बर्नी

ता. क. व्हर्लीन तुला आभाराचा फोन करणार आहे. तू मला पाठवलंस, एवढंच तिला माहीत आहे. ओडेसाबाईंनी तिला काही सांगितलेलं नाही, त्या थोर आहेत. तेव्हा तिचा फोन यायच्या आत दोन ओळींचं सांत्वनाचं पत्र तिकडे टाक.

ता. क. दुसरा. आनंदाच्या भरात एक सांगायचं राहिलं. पर्ल ब्लफमध्ये मुलांना करण्यासारखं काही नाही, हे एरिकचं मत कायम आहे. त्याला राहायचंय नदीपलीकडे, ओढ्याजवळ. पर्यटक-कक्षात ही गोष्ट मी कुणाला कळू दिलेली नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक घर रिकामं आहे, व्हर्लीनने बोट करून दाखवलं. पुढे ओसरी, मागे दोन पीचची झाडं. फ्लॉइडभाऊजींचं. म्हणजे आता तुझं. ते विकायचं तुझ्या मनात आहे असं ती म्हणाली. ताई, पोरांना राहायला दे. होकार असेल तर लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. नकार असेल तर पत्राने कळव, आणि पाकिटावर तिकीट लावायला विसर.