एका माणसापुरतं मशीन

सोमवार, ३

पोचले एकदाची. दार चिऊनेच उघडलं, एक हात पोटावरच्या टाक्यांवर धरून, आणि दुसऱ्या हाताने माझी पिशवी ओढायला निघाली. मी म्हटलं, बाई, मी तुझी सेवा करायला आलेय, तुला हमाली करायला लावायला नाही. तशी ती हसली आणि लगेच कळवळली. हसलं की टाके ओढतात म्हणे. शस्त्रक्रियेने अर्धी राहिलीय लेक माझी.

घर लहान पण उजेडाचं. स्वयंपाकघरात खिडकीला लागून जाड लाकडी टेबल आहे, तिथेच बसून लिहितेय. हे गेल्यापासून दिवसभराचं सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून वहीला सांगते. मी वाचायला शिकले तेच लग्नानंतर, दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत वाचत. त्यामुळे अक्षर अजून पाटीवरच्यासारखं मोठं येतं.

जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. घरात पाऊल टाकताच म्हणाले, आई, तुमच्या हातचं खाऊन आता लिफ्टमध्ये मला दोघांची जागा लागणार!

वर्षभर एकटीपुरतं रांधून हात आखडला होता. आज तीन ताटं मांडली, तर हातालाच बरं वाटलं.

मंगळवार, ४

डॉक्टरांनी चिऊला मांस खायला सांगितलंय, पण अगदी बारीक केलेलं आणि ताजं. खाटकाकडचा तयार खिमा नको. त्याच्या भल्यामोठ्या मशीनमध्ये सकाळपासूनचं काय काय अडकलेलं असतं. जावई म्हणाले, घरीच लहान मशीन घेऊ. निवड माझ्यावर सोपवली, कारण ते मीच चालवणार.

मग मी दुपारभर हाच विचार करत बसले. विजेचं झटपट काम करतं, पण कानठळ्या बसवतं, आणि मांस आत तापून चिकट होतं असं चिऊने मोबाइलवर वाचून दाखवलं. हाताचं टेबलाला आवळावं लागतं, पण सगळे भाग सुटे होतात, धुवायला सोपं. जाळ्या दोन हव्यात, एक जाड भोकांची, एक बारीक. पातं घट्ट बसणारं हवं, नाहीतर मांस कापलं न जाता नुसतं चेचलं जातं. घरगुती थोड्या खिम्याला हाताचंच बरं, असं ठरलं. हे असते तर म्हणाले असते, लग्नाला मुलगा पाहताना एवढी चौकशी केली नव्हतीस.

बुधवार, ५

मशीन आणलं. भांड्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. दुकानदार ठेंगणा, मऊ बोलणारा, कानावर पेन्सिल. मी दहा गोष्टी विचारल्या, त्याने एकच विचारली: घरी माणसं किती?

मी म्हटलं, एक.

तसं म्हणायचं नव्हतं मला. पण वर्षभर दूधवाल्याला, गॅसवाल्याला, ज्याला त्याला तेच सांगत आलेय. जिभेला वळण पडलंय. त्याने मान हलवली आणि सगळ्यात खालच्या फळीवरून छोटंसं, गुटगुटीत मशीन काढून दिलं. अर्ध्या वाटेत चूक ध्यानात आली. म्हटलं, जाऊ दे, दोनदा फिरवू.

जावयांनी ते टेबलाच्या कडेला घट्ट आवळून बसवलं आणि म्हणाले, आता भूकंप आला तर घर पडेल, मशीन नाही पडायचं.

गुरुवार, ६

आज पहिला खिमा. तिघांना पुरेल एवढं मांस घेतलं, शिरा आणि पांढरा भाग काढला, तुकडे फ्रीजमध्ये गार करून मग घातले. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. जाळीतून खिमाही सुंदर आला, मोकळा, एकसारखा.

पण आला एक वाटी.

मी मशीन उघडून पाहिलं. आत काही अडकलेलं नाही. पात्याला एक धागासुद्धा नाही, जणू आत्ताच धुतलंय. चिऊ म्हणाली, आई, निम्मं फ्रीजमध्येच विसरली असशील. तिथेही नव्हतं. जावई म्हणाले, द्या तिलाच, मला तशी भूक नाही. मीही तिच्याच वाटीतले दोन घास घेतले.

शनिवार, ८

काल दुप्पट मांस घातलं. एक वाटी. आज मशीनला हात न लावता सुरीने बारीक केलं. ढीग झाला पाटावर, माझ्या डोळ्यांसमोर. पातेलं घ्यायला वळले आणि परत पाहिलं, तर एक वाटी. पाव आणले, पिशवीतून एकच निघाला. चिऊ म्हणते, आई, बेकरीवाल्याने तुला गंडवलं.

जावई जेवत नाहीत. कामावरही घास उतरत नाही म्हणतात. कालपासून पट्ट्याला नवं भोक पाडलंय. सकाळी त्यांनी मला बाहेरच्या खोलीतून हाक मारली, आणि मला वाटलं शेजारचा रेडिओ आहे.

रविवार, ९

मी त्यांना म्हटलं, काढून टाका हे मशीन. ते लगेच उठले. खालचा स्क्रू धरला, जोर लावला. हात घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. मग हाताकडे पाहत राहिले आणि लाजून म्हणाले, आई, हातात जोरच उरला नाही बघा. त्यांनीच आवळलेला स्क्रू तो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाच्या आत खांदा शोधावा लागला.

सोमवार, १०

दाराशी चपलांचे दोनच जोड.

मी चिऊला विचारलं, जावई लवकर गेले का. तिने विचारलं, कोणाचे जावई? मला वाटलं चेष्टा करतेय. कपाट उघडलं. त्यांची बाजू रिकामी, आणि फळीवरचा कागद कोरा, कधी काही ठेवलंच नसल्यासारखा. भिंतीवरच्या फोटोत चिऊ एकटी उभी आहे, जरा कडेला, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तिच्या बोटात अंगठी नाही. अंगठीचा वळही नाही.

तिने माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, आई, बाबांचं जाणं तू फार मनाला लावून घेतलंस गं, माझं लग्न कधी झालं? शेजारीणही हळहळत म्हणाली, बरं झालं आलात, एकटी राहायची बिचारी.

मी कोणाशी भांडू? सगळे माझ्याशी इतके प्रेमाने बोलतात.

मंगळवार, ११

दुकानात गेले. म्हटलं, चूक झाली, घरी आम्ही तिघं, मशीन बदलून द्या. तो शांतपणे म्हणाला, बाई, तुम्हीच एक म्हणालात. एका माणसाचं दिलं, ते एका माणसाचं काम करतंय. त्याचा काय दोष?

मी ओरडले, आम्ही तिघं होतो! त्याने विचारलं, होतात की आहात?

मी हात जोडले. तो म्हणाला, बसवलेलं मशीन मीच येऊन काढतो. माझी फेरी शुक्रवारची. दाराशी येऊन विचारीन, माणसं किती. त्या दिवशी असतील तेवढी सांगा, तेवढ्यांचं बसवून जाईन. मी म्हटलं, आज चला, उद्या चला. नाही म्हणाला. फेरी शुक्रवारचीच.

म्हणजे शुक्रवारपर्यंत चिऊ राहिली पाहिजे. बस. गेलेलं मी मागत नाही, गेलेल्यांची मला सवय आहे. राहिलेलं राहू दे.

बुधवार, १२

हिशोब कळलाय आता मला. जावई जेवले नाहीत, जावई गेले. एका माणसापुरती वाटी येते. जो खातो तो राहतो. मग ती वाटी चिऊची. पूर्ण. माझं झालंय सगळं बघून.

तिला सांगितलं, माझं पोट बिघडलंय, मी भाज्यांचं सूपच घेईन. तेही तीच करून देते, तेवढं ऊठबस होते म्हणते. ती म्हणाली, तू सूप घे, मी मागाहून निवांत खाते. शहाणी माझी पोर. चिऊला घेऊन या घरातून निघूनच जावं म्हणून दारापर्यंत गेले होते, पण टाक्यांनी तिला जिना उतरवेना.

आज दांडा फिरवताना माझा हात हलका लागला. बरं वाटलं. मीच जातेय तर.

गुरुवार, १३

नाही. मी नाही.

सूप संपत आलं आणि तळाशी दाणे लागले. बारीक. खिम्याचे. मी वाटी तिच्यापुढे धरली.

ती म्हणाली, आई, रागावू नकोस. तू काही खात नव्हतीस, माझ्याने बघवेना. दोन दिवस माझ्या वाटीतला खिमा वाटून तुझ्याच सुपात घालतेय. तुला कळलंसुद्धा नाही, म्हणाली, आणि हसली.

मोठ्याने हसली. पोटावर हात नेला नाही. टाके ओढले नाहीत तिचे.

मी तिचा पदर बाजूला करून पाहिलं — सपाट, गोरं पोट. टाके नाहीत. व्रण नाही. आजारच झाला नव्हता जिला —

मी बोटं घशात घालून ओकायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. ती माझी पाठ चोळत होती. हात जाणवत नव्हता, फक्त बांगड्या.

शुक्रवार, १४, सकाळ

चपलांचा एक जोड. माझा.

पण ती आहे. चादर गरम आहे. मी म्हटलंय, बोलत राहा, चिऊ, काहीही बोल. आत चमचा वाजतो. वाजला आत्ता —

आजची वाटी भरवायला गेले. घास कुठे नेऊ कळेना. माझ्याच तोंडाशी — नाही. झाकून ठेवलीय. तशीच.

फोटोत आता नुसती भिंत —

चमचा वाजला. आहे ती. आहे.

दुपार

घंटी वाजली. तोच. कानावर पेन्सिल, काखेत खोकं. आत केवढं मशीन, ते मी सांगेन त्यावर. हसून विचारतोय, माणसं किती?

मी म्हटलं, थांबा. एक मिनिट थांबा. माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. आधी वहीत लिहिते, मग वाचून दाखवते. लिहिलेलं मला वाचता येतं, तेवढं एक मी कमावलंय.

चमचा — ऐकू येत नाही. घड्याळाचा आवाज असेल मध्ये. लवकर —

घरी माणसं दोन. दोन. नीट लिहिते, मोठ्या अक्षरात. मी, आणि माझी